शार्ङ्गदेवाचा खंडमेरु व हस्तलिखितांचीं सुटीं पानें

जुन्या कागदांच्या रुमालांत कधीं कधीं अशीं पानें निघतात कीं, ज्यांवर स, रि, ग, म, प, ध, नि ह्या सात अक्षरांच्या ओळींमागून ओळी लिहिलेल्या असतात आणि दुसरें कांहींच नसतें. प्रत्येक ओळींत तींच सात अक्षरें, क्रम मात्र निराळा. आरंभ नाहीं, समाप्ति नाहीं, कर्त्याचें नांव नाहीं. यादी करणारा पान एकदां उलटून पाहतो, दोनदां पाहतो, आणि कांहीं तरी शेरा मारून बाजूस ठेवितो. हीं पानें काय आहेत, ओळीचा क्रमांक पानावर लिहिलेला नसला तरी तो कसा काढतां येतो, आणि तो काढतां येणें ज्या विलक्षण संख्यापद्धतीमुळें शक्य होतें तिचे गुणधर्म कोणते, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

ह्या विषयाकडे मी वळलों तो माझ्याच एका चुकीमुळें. ती प्रथम सांगून टाकतों. शाळेंत संस्कृत शिकवीत असतांना, १९८४ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत, एका ग्रंथसंग्रहांतील पोथ्यांची यादी करण्यास मीं मदत केली. एका रुमालांत वर सांगितल्यासारखीं अकरा पानें निघालीं. समासांतील पत्रांक वाळवीनें खाल्ले होते. मीं नोंदवहींत 'मंत्रबीजें, अपूर्ण, उपयोग नाहीं' असें लिहिलें, आणि रीतीप्रमाणें वरच्या पानाची पहिली ओळ 'आरंभ' ह्या रकान्यांत उतरून घेतली. तीन पानें एका गायनशिक्षकांस दाखविण्यासाठीं परवानगीनें घरीं आणलीं होतीं, तीं परत करण्याचें राहून गेलें. पुढें त्या संग्रहाची जागा बदलली, तेव्हां 'उपयोग नाहीं' असा शेरा असलेले कागद निकालांत निघाले. आठ पानें गेलीं. शेरा माझ्या हातचा होता. दुसऱ्या कोणास बोल लावण्याचें कारण नाहीं. उरलेलीं तीन पानें मीं नंतर परत केलीं, पण त्यांचा अर्थ कळला तो निवृत्त झाल्यावर, संगीतरत्नाकराचा पहिला अध्याय सावकाश वाचूं लागलों तेव्हां.

संगीतरत्नाकराचा कर्ता शार्ङ्गदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं होता. ग्रंथाचा काळ तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्याचा आजा भास्कर काश्मीरांतून दक्षिणेंत आला, बाप सोढल यादवांच्या सेवेंत होता, आणि शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाचा मुख्य, म्हणजे राज्याच्या लेखनाचा व हिशेबाचा अधिकारी होता. पुढें महादेव यादवाच्या काळीं ज्या श्रीकरणाधिपपदावर हेमाद्रि दिसतो तेंच हें पद. गायनशास्त्र लिहितांनाही ह्या गृहस्थांतील हिशेबनीस गप्प बसलेला नाहीं, असें पहिल्या अध्यायांतील तानप्रकरण वाचतांना वाटतें. पुण्याच्या आनंदाश्रमानें हा ग्रंथ कल्लिनाथाच्या टीकेसह १८९६-९७ सालीं छापला. सिंहभूपाल व कल्लिनाथ ह्या दोघांच्या टीकांसह अड्यारच्या ग्रंथालयानें काढलेल्या आवृत्तीचा पहिला खंड १९४३ सालचा आहे. तेव्हां मूळ ग्रंथ दुर्मिळ नाहीं. हें प्रकरण मात्र गाणारे आंकडे म्हणून ओलांडतात आणि गणिती गाणें म्हणून.

छंदःशास्त्र वाचलेल्यांस प्रस्तार, नष्ट व उद्दिष्ट हे शब्द नवे नाहींत. लघुगुरूंचे सर्व संभवनीय क्रम ठराविक रीतीनें एकाखालीं एक मांडणें हा प्रस्तार. क्रमांक सांगितला असतां वृत्ताचें रूप काढणें तें नष्ट. रूप दिलें असतां त्याचा क्रमांक काढणें तें उद्दिष्ट. वृत्तरत्नाकरांतील उद्दिष्टाची रीत अशी कीं, अक्षरांवर १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे अंक लिहावे, लघूवरील अंकांची बेरीज करावी व तींत एक मिळवावा. तेथें प्रत्येक स्थानीं दोनच पर्याय असतात, म्हणून अंक दुप्पट होत जातात. स्वरांचें तसें नाहीं. सात स्वर प्रत्येकीं एकदांच घ्यावयाचे असल्यानें एका स्थानीं स्वर बसला म्हणजे उरलेल्या स्थानांचे पर्याय एकानें कमी होतात. दुपटीचा हिशेब येथें लागू पडत नाहीं, आणि शार्ङ्गदेवानें काढलेली तोड हाच आपला विषय.

प्रथम प्रस्तार पाहूं. मूळक्रम स रि ग असे तीनच स्वर घेतले तर शार्ङ्गदेवाच्या नियमानें सहा ओळी अशा येतात :

१. स रि ग
२. रि स ग
३. स ग रि
४. ग स रि
५. रि ग स
६. ग रि स

डावीकडचा स्वर भराभर बदलतो, उजवीकडचा सावकाश. शेवटचा स्वर दोन ओळींपर्यंत ग, मग दोन रि, मग दोन स, म्हणजे मूळक्रमाच्या उलट दिशेनें चालतो. चार स्वर घेतले तर ओळी २४, पांचांच्या १२०, सहांच्या ७२० आणि सातांच्या ५०४०. सातांच्या प्रस्तारांत पहिल्या ७२० ओळींचा शेवट नि, पुढच्या ७२० चा ध, आणि असें करीत शेवटच्या ७२० चा स.

आतां खंडमेरु. सात स्तंभ आंखावे. पहिल्यांत एक घर, दुसऱ्यांत दोन, असें वाढवीत सातव्यांत सात. घरांतील अंक वरून खालीं असे :

पहिला स्तंभ : १
दुसरा : ०, १
तिसरा : ०, २, ४
चौथा : ०, ६, १२, १८
पांचवा : ०, २४, ४८, ७२, ९६
सहावा : ०, १२०, २४०, ३६०, ४८०, ६००
सातवा : ०, ७२०, १४४०, २१६०, २८८०, ३६००, ४३२०

वरच्या ओळीच्या प्रत्येक घरांत एक लोष्ट, म्हणजे खडा, ठेवावा. एखाद्या तानेचा क्रमांक हवा असेल तर तिचा शेवटचा स्वर घ्यावा, आणि तो मूळक्रमांत शेवटाकडून कितवा आहे तें पाहावें. शेवटचाच असेल तर सातव्या स्तंभांतील खडा जागचा हलवूं नये. शेवटून दुसरा असेल तर एक घर खालीं न्यावा, तिसरा असेल तर दोन. मग तो स्वर मूळक्रमांतून वगळावा, आणि तानेच्या उपान्त्य स्वरासाठीं सहाव्या स्तंभांत हेंच करावें. असें पहिल्या स्तंभापर्यंत येऊन खड्यांखालील अंकांची बेरीज केली कीं क्रमांक मिळाला. वरील छोट्या प्रस्तारांतील 'ग रि स' घ्या. स हा शेवटून तिसरा, म्हणून तिसऱ्या स्तंभांत ४. स वगळल्यावर रि ग राहिले, त्यांत रि शेवटून दुसरा, म्हणून दुसऱ्या स्तंभांत १. पहिल्या स्तंभाचा १ नेहमींचाच. बेरीज ६. पहिल्या स्तंभांतला हा एक म्हणजे वृत्तरत्नाकरांत मिळविलेला एकच होय. नष्टासाठीं उलट जावें : दिलेल्या क्रमांकांतून आधीं एक वजा करावा, मग सातव्या स्तंभांतील मावेल तो मोठ्यांत मोठा अंक वजा करावा, बाकींतून सहाव्यांतील, आणि याप्रमाणें पुढें.

ही रीत कधीं चुकत नाहीं, ती कां ? ज्यांनीं जुनीं जमाखर्चाचीं दप्तरें वाचलीं आहेत त्यांस हें समजण्यास सर्वांत सोपें. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, तोंपर्यंत बारा पैंचा आणा व सोळा आण्यांचा रुपया होता. पैच्या रकान्यांत अकराहून मोठा अंक येत नसे, आण्याच्या रकान्यांत पंधराहून मोठा येत नसे. आणि पंधरा आणे अकरा पै ह्यांत एक पै घातली कीं बरोबर रुपया. प्रत्येक रकान्याची मर्यादा निराळी असूनही एक रक्कम एकाच प्रकारें लिहिली जाई. खंडमेरूंतही तसेंच आहे; फरक इतकाच कीं मर्यादा एकेकानें वाढत जाते. स्थानांच्या किंमती १, २, ६, २४, १२०, ७२०. पहिल्या स्थानीं जास्तींत जास्त १, दुसऱ्या स्थानीं २, तिसऱ्या स्थानीं ३, आणि सहाव्या स्थानीं ६. एका स्तंभापर्यंतचे तळचे सर्व अंक मिळविले कीं पुढच्या स्तंभाचा पहिला खरा अंक येतो : १ + १ = २; १ + १ + ४ = ६; १ + १ + ४ + १८ = २४. सातही तळ मिळविले तर ५०४०. मध्यें फट पडत नाहीं व एक संख्या दोनदां येत नाहीं. म्हणून १ पासून ५०४० पर्यंतच्या प्रत्येक संख्येस एकच तान आणि प्रत्येक तानेस एकच संख्या.

ज्या पद्धतींत स्थानाच्या किंमती १, १×२, १×२×३ अशा वाढत जातात तिला आज क्रमगुणित पद्धति म्हणतात. युरोपांत गेओर्ग कँटर ह्यानें १८६९ सालीं अशा मिश्र पद्धतींचा सामान्य विचार केला, आणि फ्रान्समध्यें लेझां ह्यानें १८८८ सालीं हीच पद्धति क्रमपालटांस लावून दाखविली. आमच्यापैकीं कांहींजण अशा वेळीं फार घाई करितात, म्हणून स्पष्ट सांगतों कीं शार्ङ्गदेव ह्या पद्धतीनें संख्या लिहीत नाहीं. त्याच्या संख्या तुमच्याआमच्या दशमान संख्याच आहेत. तो संख्या खड्यांनीं मांडतो. परंतु खडा कितव्या घरांत आहे हाच ह्या पद्धतींतील अंक होय, आणि क्रमपालट व संख्या ह्यांची जोडी लावण्याचें जें काम १८८८ सालीं झालें तें देवगिरीस सहा शतकांहून अधिक आधीं झालेलें होतें, इतकें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्याच्या आधीं गणितग्रंथांत काय होतें हेंही पाहिलें पाहिजे. लीलावतींतील (इ. स. ११५०) अंकपाशांत भास्कराचार्यांनीं हरीच्या चार हातांतील आयुधांचे २४ आणि शंभूच्या दहा आयुधांचे ३६,२८,८०० मूर्तिभेद काढले आहेत. 'किती ?' ह्या प्रश्नाचें तें उत्तर आहे. 'कितवा ?' हा प्रश्न तेथें नाहीं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी, आणि चाळीसगांवाजवळील पाटण येथें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यानें स्थापिलेल्या मठाचा शिलालेख प्रसिद्धच आहे. एकाच राजाच्या पदरीं हे दोघे होते, एवढ्यावरून गुरुशिष्यसंबंध जोडणें योग्य नव्हे. तरी अंकपाशाची चर्चा त्या राजसभेंत परकी नव्हती. पुढें नारायणपंडितानें गणितकौमुदींत (इ. स. १३५६) अंकपाशाचें प्रकरण पुष्कळ वाढविलें आणि प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट हे प्रश्न शुद्ध गणिताच्या अंगानें सोडविले.

आतां संग्राहकांच्या उपयोगाचे गुणधर्म सांगतों. एखादी संख्या दशमान पद्धतींत लिहिली असतां तिला २, ५ अथवा १० नीं भागून बाकी काय राहील तें शेवटच्या अंकावरून दिसतें. ह्या पद्धतींत शेवटचे दोन अंक सहानीं भागून राहणारी बाकी सांगतात, तीन अंक चोविसांनीं, चार अंक एकशेंविसांनीं. ओळींच्या भाषेंत ह्याचा अर्थ असा कीं, प्रस्तार सहासहांच्या गटांत तोडला तर प्रत्येक गटांत शेवटचे चार स्वर कायम राहतात. चोवीसचोविसांच्या गटांत शेवटचे तीन. एकशेंवीस ओळींत शेवटचे दोन. त्याचप्रमाणें विषम क्रमांकाच्या ओळींत पहिले दोन स्वर मूळक्रमानें चढते असतात, आणि लगतच्या सम ओळींत तेच दोन उलटे होतात, बाकी पांच जसेच्या तसे. एवढी एक खूण लक्षांत ठेवली तरी नकलाकाराच्या अर्ध्याअधिक चुका पान हातीं घेतांच दिसतात.

माझ्या तीन पानांवर प्रत्येक बाजूस चोवीस ओळी आहेत, बारा बाराच्या दोन रांगांत. पूर्वीं मला ती केवळ मांडणीची हौस वाटली होती. ५०४० ला पुष्कळ संख्यांनीं निःशेष भाग जातो, त्यामुळें बाजूस सोळा, अठरा अथवा वीस ओळी घेऊनही प्रस्तार पुऱ्या बाजूवर संपला असता. पण चोवीस घेतल्यामुळें प्रत्येक बाजूचे शेवटचे तीन स्वर एकच राहतात. ते एकदां लिहून नकलाकारास उरलेल्या चार स्वरांकडेच लक्ष द्यावें लागतें. म्हणजे लिहिणारास खंडमेरूची रचना ठाऊक होती. सबंध प्रस्तारास २१० बाजू, अर्थात् १०५ पानें लागतात.

एका पानाच्या मागील बाजूच्या सर्व ओळींचा शेवट 'स ध ग' आहे. ग शेवटून पांचवा, म्हणून २८८०. ग वगळून ध शेवटून दुसरा, म्हणून १२०. ध वगळून स शेवटून पांचवा, म्हणून ९६. बेरीज ३०९६. तेव्हां ह्या बाजूवर ३०९७ ते ३१२० ह्या ताना आहेत. ही १३० वी बाजू, म्हणजे ६५ व्या पानाची पाठ. तिची पहिली ओळ 'रि म प नि स ध ग' व शेवटची 'नि प म रि स ध ग'.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. मूळक्रम स पासूनच सुरू होतो असें मीं गृहीत धरिलें. पण मूर्च्छना बदलली कीं क्रमाचा आरंभ बदलतो. पहिल्या ओळीचे पहिले चार स्वर नेहमीं मूळक्रमानें असतात. 'रि म प नि' ही ओळ स पासूनच्या क्रमांत बसते, तशीच रि पासून सुरू होणाऱ्या क्रमांतही बसते. आणि तो दुसरा क्रम घेतला तर क्रमांक निराळाच येईल. निकाल लागतो तो पानाच्या पुढच्या बाजूवरून. तेथील शेवट 'रि ध ग' आहे. स पासूनच्या क्रमांत 'रि ध ग' नंतर लगेच 'स ध ग' येतें. रि पासूनचा क्रम असता तर पुढच्या बाजूवर 'रि नि ग' असावयास पाहिजे होतें. म्हणून क्रम स पासूनचाच. एकच बाजू हातीं असेल तर हा निर्णय करतां येत नाहीं, आणि ह्या कारणासाठीं अशा पानांची नक्कल अथवा छायाचित्र घेतांना दोन्ही बाजू घेतल्याच पाहिजेत.

ह्याच बाजूवर दहावी ओळ 'रि नि म प स ध ग' अशी आहे, आणि नववीही अक्षरशः तीच. एक चुकीची खरी, पण कोणती ? दहाव्या ओळीचा क्रमांक ३१०६, म्हणजे सम. तिचे पहिले दोन स्वर उतरते पाहिजेत, आणि रि नि हे चढते आहेत. नष्टाच्या रीतीनें ३१०६ मधून १ वजा करून ३१०५. त्याचे भाग २८८०, १२०, ९६, ६, २, १. खडे लावून पाहिले तर ओळ येते 'नि रि म प स ध ग'. नकलाकाराची नजर वरच्या ओळीवर परत गेली आणि पहिले दोन स्वर उलटावयाचे राहिले. पाठशुद्धि करतांना आपण दुसरी प्रत शोधतों, तर्क करतों, पुष्कळदां जागा मोकळी सोडतों. येथें दुसऱ्या प्रतीवांचून, निश्चयानें, एका अक्षराचाही संशय न ठेवतां दुरुस्ती होते. हस्तलिखितांच्या कामांत असा योग मला दुसऱ्यांदा आलेला नाहीं.

उरलेल्या दोन पानांपैकीं एकाचे शेवट 'नि प ग' व 'ध प ग' आहेत. तें ६६ वें, म्हणजे वरील पानास लागून असलेलें. दुसऱ्याचे 'म रि नि' व 'ग रि नि'. तें १२ वें.

ज्यांच्या संग्रहांत अशीं पानें असतील त्यांनीं इतकें करावें : बाजूवरील ओळी मोजाव्या, पहिली व शेवटची ओळ उतरून घ्यावी, आणि जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें उतरत जाणारें घरांचें कोष्टक बरोबर असेल तर त्यास यंत्र समजून वेगळें काढूं नये. त्यांत वरील अंक असतील तर तो त्या पानांचाच खंडमेरु आहे. पानें दोन घरांत अथवा दोन गांवांत विखुरलेलीं असलीं तरी क्रमांकांवरून त्यांचा मेळ घालतां येईल.

गेलेल्या आठ पानांविषयीं एक गोष्ट राहिली. मागच्या वर्षीं त्या संग्रहांत जाऊन मीं माझी जुनी नोंदवही काढून पाहिली. 'आरंभ' ह्या रकान्यांत माझ्याच अक्षरांत लिहिलें आहे : 'स रि प ध म नि ग'. ग चे २८८०, नि चें शून्य, म चे ४८. पुढचे चार स्वर चढत्या क्रमानें, म्हणून त्यांचें शून्य. आणि नेहमींचा एक. क्रमांक २९२९, बाजू १२३ वी. रुमालांत सर्वांत वर असलेलें तें पान ६२ वें होतें, आणि तें सुलट ठेविलेलें होतें. जुना शेरा खोडून त्याजागीं तेवढी नोंद मीं करून ठेविली आहे. बाकीच्या सात पानांची एकही ओळ कोठें उतरलेली नाहीं.